हळू गाण्यांसाठी ड्रमचं सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

शांत_गिटार

नमस्कार. गेली दोन वर्षं मी घरीच गाणी रेकॉर्ड करते आहे. सामान मोजकंच आहे: एक अकूस्टिक गिटार, एक कंडेन्सर माइक, दोन चॅनलचा ऑडिओ इंटरफेस, आठ जीबी रॅमचा लॅपटॉप आणि रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. पाच गाण्यांची गिटार आणि आवाज पूर्ण झाले आहेत. अडलंय ते ड्रमपाशी.

आत्तापर्यंत सुटे सॅम्पल, म्हणजे एकेका ठोक्याची रेकॉर्डिंगं, वापरले. एक किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम), एक स्नेअर (तारा लावलेला छोटा ड्रम), एक बंद हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी), एक उघडा, आणि माउसने ग्रिडवर, म्हणजे मात्रांच्या चौकटीवर, मांडायचं. ठेका लागतो, पण त्यात कुणी माणूस बसून वाजवतोय असं वाटत नाही. सगळ्यात जास्त खटकतो हाय-हॅट. आठही ठोके इतके सारखे की टाइपरायटर चालल्यासारखं ऐकू येतं. तिसऱ्या गाण्यात कडवं संपताना स्नेअरवर छोटासा रोल हवा होता, तिथे तर मशीनगन सुटते. वेलॉसिटी, म्हणजे ठोका किती जोराचा ते सांगणारा आकडा, कमीजास्त करून पाहिली. आवाज लहान होतो, पण तो हळू मारलेला ठोका वाटत नाही. जोरात मारलेलाच ठोका कुणीतरी लांब नेऊन ठेवल्यासारखा वाटतो.

माझी गाणी हळू आहेत, मिनिटाला ६८ ते ८४ मात्रा (बीपीएम). गिटार बोटांनी वाजवलेली. दोन गाणी सहा-आठमध्ये आहेत आणि एकात ब्रशने वाजवलेला स्नेअर हवा आहे. ईझीड्रमर ३, ॲडिक्टिव्ह ड्रम्स २ आणि सुपीरियर ड्रमर ३ ही नावं सगळीकडे दिसतात, पण त्यांचे नमुने ऐकायला गेलं की बहुतेक सगळे दणदणीत रॉक वाजवून दाखवतात. त्यावरून मला माझ्या गाण्यांचं काहीच कळत नाही. ड्रम मला प्रत्यक्ष वाजवता येत नाही. निवडायचं कशावरून?

रात्रीचा_रियाज

लॅपटॉपकडे पाहता सुपीरियर ड्रमर ३ तूर्त बाजूला ठेवा. २०१७ साली आलेल्या या सॉफ्टवेअरची मूळ लायब्ररी, म्हणजे त्यातल्या सॅम्पलचा साठा, सुमारे २३० जीबीची आहे. जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी बेल्जियममधल्या गॅलेक्सी स्टुडिओत ती रेकॉर्ड केली. आवाज फार देखणा, प्रत्येक माइक वेगळा हाताशी. पण ज्याला ड्रमचं मिक्सिंग पहिल्या पायरीपासून स्वतः करायचंय त्याला ते शोभतं.

मी ईझीड्रमर ३ वापरतो. ते २०२२चं, बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत रेकॉर्ड झालेलं. त्यात बँडमेट नावाची सोय आहे: आपल्या गिटारचा तुकडा त्यात ओढून टाकायचा, मग ते त्याला जुळणारे ठेके सुचवतं. ड्रम न येणाऱ्याला याचा खरोखर आधार होतो. सुचवलेल्यांत भरगच्च ठेकेही येतात, तेव्हा सगळ्यात साधा असेल तो आधी लावून पाहा. दोन्ही टूनट्रॅकचीच आहेत आणि ईझीड्रमरसाठी घेतलेल्या जादा लायब्ररी पुढे सुपीरियरमध्येही उघडतात, म्हणजे घेतलेलं वाया जात नाही.

दोन_हात_दोन_पाय

मी एकोणीस वर्षं ड्रम वाजवतोय. घर बदललं, भिंती पातळ निघाल्या, किट पिशव्यांत गेलं आणि गेली सहा वर्षं माझे ड्रमही सॉफ्टवेअरमधूनच येतात. तुमचा प्रश्न वाचून जरा सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण तुमच्या कानाने दुखणं बरोबर पकडलंय. “जोरात मारलेला ठोका लांब नेऊन ठेवल्यासारखा” हे अगदी नेमकं आहे.

स्नेअर हळू वाजवला की त्याच्या खालच्या तारांची सळसळ जास्त ऐकू येते आणि कातड्याचा ठणका कमी. जोरात मारला की कातडं ताणलं जातं, सूर क्षणभर वर चढतो आणि मग खाली उतरतो. टॉमवर हे चांगलंच जाणवतं. म्हणजे हळू आणि जोरात हे दोन निरनिराळे आवाज आहेत. तुमच्या सुट्या सॅम्पलमध्ये त्यांतला एकच आहे, म्हणून वेलॉसिटी कितीही फिरवली तरी फक्त तो लहानमोठा होतो. चांगल्या लायब्ररीत एकाच स्नेअरचे हळूपासून जोरापर्यंत अनेक थर रेकॉर्ड केलेले असतात. मिडी म्हणजे कोणता ठोका कधी आणि किती जोरात, एवढंच सांगणारी सूचना. तिची वेलॉसिटी १ ते १२७, आणि त्यातल्या प्रत्येक पट्ट्याला वेगळं रेकॉर्डिंग. शिवाय एकेका थरात त्याच जोराचे अनेक ठोके असतात आणि ते आळीपाळीने वाजतात. याला राउंड रॉबिन म्हणतात. तुमची मशीनगन थांबवणारी गोष्ट ही. जीबीचा आकडा बघू नका, त्यात निम्मी जागा खोलीच्या माइकांनी खाल्लेली असू शकते.

खऱ्या ड्रमचे सॅम्पल वाजवणारं पहिलं ड्रम मशीन म्हणजे रॉजर लिन यांचं एलएम-१, १९८० सालचं. त्यात हाय-हॅट होता, पण क्रॅश (दणक्याची झांज) आणि राइड (ठेका धरायची मोठी झांज) नव्हत्या. मेमरी तेव्हा फार महाग आणि झांज तर सेकंदच्या सेकंद घुमत राहते, ती मावणार कुठे? मेमरीचा प्रश्न आता उरला नाही, पण लायब्ररी कसाला लागते ती अजूनही धातूवरच. किक आणि स्नेअर बहुतेक सगळ्यांचे चांगले असतात. हाय-हॅट आणि राइड हळू वाजवून दाखवा म्हटलं की फरक कळतो. हाय-हॅट म्हणजे नुसता बंद किंवा उघडा नसतो. पायाचा दाब किंचित सैल केला की दोन झांजा एकमेकींना जेमतेम घासत राहतात, आणि हळू गाण्याचा सगळा श्वास त्या जागेत असतो. ज्या लायब्ररीत बंद आणि पूर्ण उघडा यांच्यामध्ये तीन-चार पायऱ्या नाहीत, ती तुमच्या कामाची नाही.

म्हणून दुसऱ्यांचे नमुने ऐकणं बंद करा. तुमच्या एका गाण्याच्या आठ ओळी घ्या, शक्यतो ज्यात आवाज अगदी जवळून गायलेला आहे असं गाणं. त्याखाली एकच साधा मिडी ठेका लिहा: हाय-हॅट ३५ ते ७० च्या वेलॉसिटीत, स्नेअरचा मुख्य ठोका ७५ च्या आसपास, मधले हलके ठोके २० ते ४५ मध्ये. हाच ठेका प्रत्येक सॉफ्टवेअरवर वाजवा. ॲडिक्टिव्ह ड्रम्स २ चा मर्यादित डेमो मिळतो, तिथपासून सुरुवात करा. जिथे २० ते ४५ मधले ठोके ऐकताना तारांची सळसळ येईल आणि गाणाऱ्या आवाजाला धक्का लागणार नाही, ती लायब्ररी तुमची.

मी स्वतः हे न करता पहिली लायब्ररी घेतली होती, नाव घेत नाही. जोरात वाजवली की छाती भरून यायची. पण एका अंगाईसारख्या गाण्यात लावली तेव्हा लक्षात आलं की साठाच्या खाली सगळं एकाच रेकॉर्डिंगवर चाललंय. महिनाभर मी इक्वलायझर फिरवत बसलो. जे रेकॉर्डच झालेलं नाही ते इक्वलायझरने येणार कुठून?

आता वाजवण्याबद्दल, कारण उत्तम लायब्ररी घेऊनही टाइपरायटर तसाच राहू शकतो. उजवा हात हाय-हॅटवर वर-खाली होतो तेव्हा मात्रेवरचा ठोका काठीच्या मानेने पडतो आणि मधला ठोका टोकाने. पहिला भरीव, दुसरा टिकटिकीत. वेलॉसिटी लिहाल ती अशी काहीशी: ७२, ४८, ६६, ४५, ७०, ४९, ६४, ४७. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये टोक आणि मान यांचे वेगळे मिडी सूरही (आवाज निवडणारे क्रमांक) दिलेले असतात, ते आलटून पालटून वापरा. आकडे आपोआप विस्कटून देणारं ह्युमनाइझचं बटण असतं, त्याच्या भरवशावर राहू नका. वाजवणाऱ्याचा कमीजास्तपणा वाटेल तसा नसतो. तो हाताच्या हेलकाव्यामागे जातो आणि दर मात्रेला परत येतो.

दुसरं, हात दोनच आहेत. स्नेअरवर रोल चालू असताना हाय-हॅट काठीने वाजू शकत नाही. तिथे तो काढून टाका, हवा तर पायाने मिटल्याचा ‘चिक्’ ठेवा. रोलमध्ये डावा-उजवा हात वेगळा दिलेला असेल तर तो पाळा. डावा हात नेहमी थोडा हलका, म्हणजे उजवा ५० तर डावा ४३ असं काहीतरी. हळू गाण्यात स्नेअरचा मुख्य ठोका ग्रिडच्या ५ ते १० मिलिसेकंद मागे ओढून बघा, गाणं लगेच टेकून बसतं. किक मात्र जागेवर राहू द्या.

ब्रशसाठी हे सगळं चालणार नाही. ब्रशच्या स्नेअरमध्ये डावा हात कातड्यावर गोल फिरत राहतो, तो ठोका नसतोच, सतत चाललेला घास असतो. सुटे ठोके मांडून तो उभा राहत नाही. ॲडिक्टिव्ह ड्रम्ससाठी मॉडर्न जॅझ ब्रशेस नावाची वेगळी लायब्ररी आहे. अशी कोणतीही घेतलीत तरी तिच्यासाठीच वाजवलेले मिडी ठेके वापरा, कारण घास कोणत्या सुरावर आणि ठोका कोणत्या, हे प्रत्येकाचं निराळं असतं.

आणि सॉफ्टवेअर उघडल्यावर पहिलं काम: रूम माइकचा, म्हणजे खोलीचा घुमारा पकडणाऱ्या माइकचा, फेडर (आवाजाची पट्टी) पार खाली. तुमचा आवाज लहान खोलीत, माइकला तोंड लावून रेकॉर्ड झालाय. ड्रम मोठ्या दालनात घुमले तर दोघं एका जागी बसलेले वाटणार नाहीत. ओव्हरहेड माइकवर, म्हणजे किटच्या वर टांगलेल्या माइकांवर, ठेका उभा करा, त्यात किक आणि स्नेअरचे जवळचे माइक लागतील तेवढेच मिसळा.

मुक्तस्रोत

वरचं सगळं पटलं. त्यात थोडी भर. विकत घेण्याआधी फुकटातलं हाताळून पाहा, निदान आपल्याला काय हवंय ते कळेल. स्टीव्हन स्लेट ड्रम्स ५.५ ची एका किटची मोफत आवृत्ती आहे. तिचा मिजाज मोठ्या आवाजाच्या गाण्यांचा आहे, पण थर आणि राउंड रॉबिन म्हणजे काय ते कानाला नीट समजतं. एमटी पॉवर ड्रम किट २ हलकं आहे आणि त्यात तयार ठेके येतात. मी लिनक्सवर आहे, म्हणून ड्रमगिझ्मो वापरतो. ते मुक्तस्रोत आहे आणि त्याच्या किटमध्ये एका ड्रमचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये झिरपलेला तसाच राखलेला असतो. टॉम वाजला की स्नेअरच्या तारा किंचित थरथरतात. ज्याने खोलीत बसून ड्रम ऐकलाय त्याला हे लगेच ओळखीचं वाटतं. किट जड असतात, पण सॅम्पल डिस्कवरून थोडे थोडे वाचण्याची सोय त्यात आहे, ती चालू करा.

आयके मल्टिमीडियाचं मोडो ड्रम वेगळ्याच वाटेचं आहे. त्यात ड्रमचा आवाज गणिताने तयार होतो, कातडं आणि लाकडी कवच यांचं वर्तन मांडून. त्यामुळे जागा कमी लागते. झांजा मात्र त्यातही सॅम्पलच आहेत. वर धातूबद्दल म्हटलंय ते किती खरं!

तुम्ही चार-पाच ठिकाणी एकच ठेका वाजवून बघणार असाल तर तो जनरल मिडीच्या, म्हणजे सगळ्यांनी मानलेल्या ठरावीक, क्रमांकांवर लिहा: किक ३६, स्नेअरच्या काठावरचा ठोका ३७, स्नेअर ३८, बंद हाय-हॅट ४२, पायाने मिटलेला ४४, उघडा ४६, क्रॅश ४९, राइड ५१. मूळचे ठोके जवळपास सगळीकडे चालतात, अर्धवट उघड्या हाय-हॅटचे सूर तेवढे बदलावे लागतील.

आठ जीबी रॅमची फार चिंता नको. एक किट भरा, ठेका ठरला की रीपरमध्ये ट्रॅक फ्रीझ करा, म्हणजे त्याचा ऑडिओ करून ठेवा, मेमरी मोकळी होते. माउसने लिहिताना बफर (इंटरफेस आवाज एका वेळी किती तुकड्यात हाताळतो तो आकडा) ५१२ वर असला तरी बिघडत नाही. कीबोर्डवर बोटांनी वाजवायचं झालं तर १२८ वर आणा. ४४.१ किलोहर्ट्झला त्याचे जेमतेम २.९ मिलिसेकंद होतात, ५१२ चे ११.६. इंटरफेसमधून येता-जाता यात थोडी भर पडते, पण १२८ वर हाताला उशीर टोचत नाही.

शांत_गिटार

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ ओळींची कसोटी काल रात्री लावायला घेतली आणि वेगळ्याच ठिकाणी ठेचकाळले. आधी सांगायचं राहिलं: पाचांतली दोन गाणी मी मेट्रोनोमशिवाय रेकॉर्ड केली आहेत. ध्रुवपदाकडे जाताना लय किंचित वाढते, कडव्यात परत बसते. ती मला तशीच हवी आहे. ठेका लावला की पहिल्या चार ओळी जुळतात आणि नंतर सरकत जातात. गिटार ग्रिडवर ओढून बसवायचा प्रयत्न केला तर तारांचा आवाज फाटल्यासारखा होतो. ही दोन गाणी पुन्हा रेकॉर्ड करावी लागतील का?

दोन_हात_दोन_पाय

अजिबात नको. लय वाढते तिथेच गाणं आहे. गिटारला हात लावू नका, ग्रिडला गिटारच्या मागे चालवा.

आधी रीपरच्या प्रोजेक्ट सेटिंगमध्ये टाइमबेस ‘टाइम’वर ठेवा, नाहीतर टेम्पो बदलला की ऑडिओही सरकतो आणि सगळा खेळ बिघडतो. मग गाणं ऐकत प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर, म्हणजे समेवर, टेम्पो मार्कर टाका. वेव्हफॉर्म मोठा करून अंगठ्याने छेडलेल्या खालच्या तारेची सुरुवात बघा, मार्कर तिथेच बसवा. आवर्तनाच्या आतल्या मात्रांवर मार्कर नकोत, नाहीतर बोटांचा प्रत्येक बारीक हेलकावा ड्रमवर उमटेल आणि ड्रमर अडखळतोय असं वाटेल. चार मिनिटांच्या गाण्याला तासभर लागतो. कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं. नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरचा मिडी ठेका त्या ग्रिडवर टाकलात की तो तुमच्याबरोबर चढेल आणि उतरेल.

सहा-आठच्या गाण्यांत मात्रांचं चिन्ह पहिल्याच मार्करवर ६/८ करून ठेवा. तयार ठेके निवडतानाही सहा-आठचेच गाळून घ्या. चार-चारमधला ट्रिपलेटचा ठेका जवळपास तसाच ऐकू येतो, पण त्याचे फिल (ओळ संपताना वाजणारे छोटे तुकडे) भलत्या ठिकाणी संपतात.

शांत_गिटार

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. दोन्ही गाण्यांचे मार्कर टाकून झाले, पहिल्याला तास नव्हे तर दोन संध्याकाळी लागल्या. ठेका पहिल्यांदा ध्रुवपदाबरोबर चढला तेव्हा मी हेडफोन काढून क्षणभर तशीच बसले.

कसोटीसाठी एकाच गाण्याच्या आठ ओळी तीन सॉफ्टवेअरमधून काढल्या, आवाजाची पातळी सारखी केली आणि बहिणीकडून फाइलींना फक्त क, ख, ग अशी नावं देऊन घेतली. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ ऐकल्या. दर वेळी मी ‘ख’कडे वळत होते आणि दर वेळी हाय-हॅटमुळे. ‘ख’ म्हणजे ॲडिक्टिव्ह ड्रम्स २ निघालं. तेच घेतलं, ब्रशच्या लायब्ररीसकट. बँडमेटचा मोह बराच होता, पण माझे ठेके इतके साधे आहेत की ते मला आता स्वतः लिहिता येतात. तुमच्या त्या आठ आकड्यांवरूनच शिकले.

तिसऱ्या गाण्यातला रोलही जमला. ३१ पासून ६८ पर्यंत चढवत नेला, डावा हात प्रत्येक वेळी सात-आठने कमी ठेवला आणि तेवढ्यापुरता हाय-हॅट काढून टाकला. रूम माइक पूर्ण बंद आहे.

आता एकच अडतंय. पाचव्या गाण्यात, चार-चारमध्ये, दुसऱ्या कडव्यापासून राइड सुरू होते आणि गिटारच्या वरच्या दोन तारा तिच्याखाली बुजतात. राइडचा आवाज कमी केला तर ती नाहीशीच होते.

दोन_हात_दोन_पाय

‘ख’ची गोष्ट वाचून फार बरं वाटलं.

राइडचा फेडर वर आणा, वेलॉसिटी खाली. ती ४०च्या आसपास आणलीत की काठीचा ‘टिंग’ राहील आणि मागचा पसारा कमी होईल. तरीही बुजत असेल तर कडव्यात राइड ठेवूच नका. किक आणि ३७चा काठावरचा ठोका तसेच चालू द्या, दोन आणि चारवर पायाने मिटलेला हाय-हॅट ठेवा, ४४ क्रमांकाचा. राइड येऊ द्या ती कडव्याचा शेवटचा शब्द संपल्यावर, वरच्या तारा जिथे मोकळ्या सुटतात त्याच्या पुढच्या समेवर. जमलं तर तो तुकडा इथे टाका, ऐकायला आवडेल.